चार कप कोरा चहा

[दृश्य: ओट्यावर ओळीनं चार पांढरे कप, त्यांवर झाकणं. बाजूला छोटा वजनकाटा.]

आपल्याकडे चहाला विशेषणं मोजकीच. कडक, फक्कड आणि यजमानाच्या माघारी म्हणायचं ते फुळकवणी. एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या भागलं, कारण पातेल्यात दूध, साखर आणि आलं पडलं की पानाला स्वतःचं म्हणून सांगण्यासारखं फारसं उरत नाही. आज दूध नाही, साखर नाही. नुसता कोरा चहा.

पहिल्या दोन कपांत दार्जिलिंग आहे. एक मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा, म्हणजे फर्स्ट फ्लश. दुसरा मे-जूनचा, सेकंड फ्लश. तिसऱ्यात आसामचा ऑर्थोडॉक्स, पान वळून केलेला. आणि चौथ्यात आपला रोजचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो सुटा बांधून आणलेला दाणेदार. तोही आसामचाच.

[दृश्य: काट्यावर पानं. चिमटीनं दोन काड्या कमी केल्या जातात.]

इथे चमच्याचा हिशेब चालत नाही. फर्स्ट फ्लशची पानं फुगीर, चमचा भरल्यासारखा दिसतो पण वजन काहीच नाही. तेवढ्याच चमच्यात दाणेदार चहा कितीतरी जास्त बसतो. मग चौथा कप कडक झाला यात नवल ते काय? म्हणून काटा. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, नुकतं उकळलेलं पाणी, ६ मिनिटं झाकण. हे माप १९८० सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं. त्याच्याच ब्रिटिश भावंडाला १९९९ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे नोबेलची थट्टा करणारा पुरस्कार. चहा कसा करावा यावर सहा पानं लिहिली म्हणून! पण हे माप चविष्ट चहासाठी नाहीच. सहा मिनिटांत पानातलं बरं-वाईट सगळंच बाहेर येतं, आणि पारखणाऱ्याला दोन्ही हवं असतं.

आता घोट. खरं तर भुरका. लहानपणी ज्यासाठी डोळे वटारले जायचे तोच, आवाज करून. चहाचे व्यावसायिक पारखी असेच भुरके मारतात. चहा हवेसकट तोंडभर उडतो आणि त्याचा वास मागून नाकात चढतो. मग ते तो थुंकून टाकतात. आपण थुंकणार नाही.

पहिला कप. रंग फिक्या मधासारखा. आईनं भुरका मारला आणि निकाल दिला, "फुळकवणी."

थांबा. कप राहू द्या, झाकण उलटं करून आतला वास घ्या. ओल्या गवताचा आहे, आणि त्यामागे कुठलंसं फूल. भिजलेलं पान बघा, अजून हिरवट आहे. खुडलेलं पान दार्जिलिंगला वळण्याआधी इतकं सुकवतात की पुढे हवेशी होणारी प्रक्रिया अर्धवटच राहते. नाव काळ्या चहाचं, वागणं निम्मं हिरव्याचं.

दुसरा कप त्याच डोंगराचा, पण रंग तांब्यावर गेलेला. यात पिकल्या द्राक्षाचा वास येतो, आणि त्याचं थोडं श्रेय जातं तुडतुड्यांना. हो, तुडतुडेच. त्यांचे भाऊबंद विदर्भात कपाशीवर दिसले की शेतकरी फवारणीचा पंप काढतो. दार्जिलिंगच्या मळ्यात हे कोवळ्या पानाचा रस शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्या वासाचे पैसे आपण मोजतो. आई आणखी एक भुरका मारते. या वेळी काही बोलत नाही.

तिसरा, आसाम ऑर्थोडॉक्स. सुक्या चहात सोनेरी टोकं दिसतात, त्या कोवळ्या कळ्या. वासाला इंग्रजीत माल्टी म्हणतात, पण आपल्या घरांत त्याला आधीच नाव आहे: मोड आणून भाजलेली नाचणी. जीभ भरून जाते, कडांना तुरटपणा उरतो.

चौथ्याला सहा मिनिटं म्हणजे शिक्षाच. मिनिटाभरातच तो विटकरी झाला होता; आता घशापर्यंत तुरट आहे. हा दाणेदार चहा सीटीसी यंत्रातून येतो, म्हणजे क्रश, टिअर, कर्ल; ते यंत्र १९३० च्या दशकात आसाममध्ये आलं. दातेरी रूळ पान चिरडतात, फाडतात आणि त्याची गोळी वळतात. पान इतकं फुटतं की पाणी लागताच सगळं सोडून देतं. नाजूक वास त्या रुळांमध्येच संपतो.

[दृश्य: चारही कपांत एकेक चमचा दूध.]

आणि आता पारडं फिरतं. पहिला कप राखुंडीच्या पाण्यासारखा दिसायला लागला, चवीला त्याहून वाईट. दुसऱ्यातलं द्राक्ष गेलं. तिसरा टिकून आहे. चौथा? दुधातल्या प्रथिनांनी त्याचा तुरटपणा धरून ठेवला आणि मघाचा हा दांडगट एकदम घरचा झाला. रंगही तोच, अमृततुल्यच्या काचेच्या ग्लासातला. माझ्या मते दार्जिलिंगमध्ये दूध घालणं हा पैशांचा चुराडा आहे. पण सीटीसी कोरा पिऊन त्याला नावं ठेवणं हाही अन्यायच.

[दृश्य: तासाभरानंतर. दूध घालण्याआधी बाजूला काढलेला आसाम ऑर्थोडॉक्स. आई कप उजेडाकडे धरते.]

"यात दूध कोणी घातलं?"

कोणीच नाही. जोरकस आसाम चहा निवला की त्यातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना धरतात आणि कप असा गढूळ होतो. पारखी लोक याला चांगल्या मालाची खूण मानतात. आईचा विश्वास बसत नाही. ती किटलीतलं थोडं गरम पाणी त्यात ओतते, चमचा फिरवते, आणि कप पुन्हा नितळ.