उंदराच्या मेंदूतल्या मुंग्या

मंडळी, जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडदाभर मुंग्या यायच्या, आठवतंय? पेट स्कॅन म्हणजे अंगात टोचलेलं किरणोत्सर्गी द्रव्य कुठे जमलंय हे दाखवणारं चित्र. त्यात आम्ही ज्याला नॉइज म्हणतो ते तसंच दिसतं. म्हणून आज मी मुंग्याच म्हणणार. गोंगाट म्हटलं की उगाच कान टवकारतात.

माणसाचा मेंदू साधारण १,४०० ग्रॅमचा, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. त्याच्या शेपटीच्या शिरेत किरणोत्सर्गी द्रव्य टोचायचं. त्यातून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट प्रभाराचा जुळा, इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही संपतात आणि दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, उलट दिशांना पळतात. भोवतीच्या कड्यातले स्फटिक ही जोडी टिपतात. आमची सगळी कमाई म्हणजे अशा जोड्यांची मोजणी.

वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडतात तेव्हा एकीवर सात, शेजारचीवर दोन. पाऊस तर दोघींवर सारखाच! आमच्या जोड्या म्हणजे हे थेंब, आणि चित्राचे बारके घन म्हणजे या फरश्या. थेंब १०० असतील तर मोजणी साधारण १० ने इकडेतिकडे होते, म्हणजे १० टक्के. १०,००० असतील तर १ टक्का. मुंग्या दहापट कमी करायच्या तर थेंब शंभरपट हवेत. त्यात मेंदू एवढासा, म्हणून फरश्याही बारीक घ्याव्या लागतात. घनाची बाजू निम्मी केली की वाट्याला आठवा हिस्साच येतो.

‘मग डोस वाढवा की!’ हे दरवेळी कुणीतरी म्हणतंच. टोचायच्या द्रव्यांपैकी रॅक्लोप्राइडचंच उदाहरण घ्या. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन; ते जिथे चिकटतं त्या डी-२ ग्राही नावाच्या जागांना रॅक्लोप्राइड चिकटतं. जास्त टोचलं तर तेच जागा अडवून बसतं, आणि जे मोजायचं तेच बदलतं. जास्त वेळ मोजावं, तर त्यातला किरणोत्सर्गी कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो.

सोपा उपाय म्हणजे फिल्टर लावून चित्र पुसट करणं. मुंग्या जातात, बघणारा खूश. माझा याच्यावर राग आहे. उंदराच्या डोळ्यांमागे हार्डेरियन ग्रंथी असतात. एफडीजी, म्हणजे आमची खुणेची साखर, त्या भरपूर ओढतात. पुसट केलं की त्यांचा उजेड मेंदूच्या पुढच्या भागात सांडतो. मग विद्यार्थी धावत येतो, ‘सर, पुढच्या कॉर्टेक्सचं काम वाढलंय!’ अहो, वाढलंय काय? शेजारचं गळतंय!

१९८२ मध्ये शेप आणि वार्डी या संशोधकांनी मांडलेली पद्धत थेंबांचंच गणित धरून चित्र घडवते: अंदाज करा, मोजणीशी ताडा, सुधारा, पुन्हा ताडा. फेऱ्या वाढल्या की मुंग्या परत येतात, कारण ती मोजणीतले चढउतारही इमानाने जुळवू लागते. लवकर थांबावं तर स्ट्रायटम, म्हणजे मेंदूच्या आतला एक छोटा भाग, फिकं राहतं. कुठे थांबलात, हे निदान लिहून तरी ठेवा.

आता न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकून मुंग्या पुसणारे संगणक प्रोग्रॅम, आलीत, चित्रं लोण्यासारखी निघतात. अशी चित्रं दाखवणाऱ्याला मी म्हणतो, त्याच उंदराच्या नोंदी सम-विषम अशा वाटून घ्या आणि दोन्ही वेगवेगळ्या साफ करून आणा. एकातच दिसणाऱ्या ठिपक्यावर मी बोलणार नाही. दोन्हींत दिसला तरी आधी डोळ्यांपासून किती लांब आहे ते पाहीन.