नवीन रेकॉर्ड घेतली, मग सांगा की काय ऐकलं

मंडळी, आज मला दिलेला विषय ऐकायला सोपा वाटतोय. आपण गाणं ऐकणारी माणसं जे काही नवीन विकत घेतो, मग ती एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी मोठी रेकॉर्ड, असू दे, सीडी असू दे, नाहीतर खानापूरच्या कुणाच्यातरी जुन्या घरातनं माळ्यावरनं निघालेली ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी, रेकॉर्ड असू दे, त्याबद्दल आपण एकमेकांना काय सांगतो आणि कसं सांगतो. मी आपल्या बेळगावातल्या बैठका बघतोय, फोनवरचे ग्रुप बघतोय, टिळकवाडीत असू दे नाहीतर शहापुरात, रेकॉर्ड घेतली की लगेच फोटो येतो, खाली दहा जण "भारी", "कडक", "एक नंबर" म्हणतात आणि एखादा म्हणतो "मला काय एवढी आवडली नाही बघ". झालं, संपलं. आता समोरच्यानं काय करायचं? नवीन एलपीला हजार-दोन हजार सहज जातात, त्याला खिशात हात घालायचाय, आणि त्याच्या हातात आलंय काय तर "भारी".

माझं म्हणणं एवढंच आहे की काय ऐकलं ते सांगा, गाण्यातली कुठली जागा ते सांगा, आणि जमलं तर त्यातलं गाणाऱ्याचं किती, रेकॉर्डचं किती आणि आपल्या घरच्या मशीनचं किती हे वेगळं काढून सांगा. हे तिसरं सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो.

किशोरीताई आमोणकरांची भूप रागाची एलपी घ्या, आधी विलंबित, म्हणजे संथ, "प्रथम सुर साधे" आणि मग द्रुत, म्हणजे जलद, "सहेला रे". आपल्यापैकी बऱ्याच जणांकडं आहे, काहींनी आत्ता आत्ता घेतलीय. त्यावर मला एकानं सांगितलं, सुरुवातीला आवाज काय सुंदर येतोय हो, पण शेवटी द्रुतमध्ये वर गेल्यावर आवाज फाटल्यासारखा वाटतो, ताईंचा त्या दिवशी गळा बसला होता काय. आता बघा, एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुई जिच्यातनं जाते ती चर बाहेरची असू दे नाहीतर आतली, फेरे तेवढेच. सुई बाहेरच्या कडेला सुरू होते आणि आत लेबलकडं जाते. पण बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. बाहेरच्या कडेला सुईखालनं सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर चर सरकते, आणि लेबलजवळ पोचल्यावर तीच साधारण २१ सेंटिमीटरवर येते, म्हणजे निम्म्याहून कमी. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्या जागेत कोरायचा, आणि त्यातनं तो आवाज वरच्या सप्तकातला, ताना धावत्या. सुईला त्या बारीक नागमोडीतनं नीट जाता येत नाही, आवाज खरखरतो. आणि आपल्या ख्यालाची रचनाच अशी, की संथ आलापी आधी आणि सगळ्यात जलद ताना शेवटी, म्हणजे अवघड काम नेमकं रेकॉर्डच्या सगळ्यात वाईट जागी येतं. सगळ्यात जोरात शेवटीच जाणारे आपण! तेव्हा ताईंच्या गळ्याबद्दल बोलायच्या आधी सुई बदलून बघा, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, नीट बसवलाय का बघा, काट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या डबीवर, वजन किती ठेवलंय ते बघा, बहुतेक काट्रिजला दीड-दोन ग्रॅम लागतं, आणि हे सगळं करून परत ऐका. नंतरही तसंच वाटलं तर मग सांगा, अगदी बेधडक सांगा.

तसंच ७८ चं. खानापूरकडच्या एका पोरानं हौसेनं सहा-सात जुन्या रेकॉर्डी घेतल्या, घरच्या नव्या प्लेयरवर लावल्या आणि म्हणाला सगळ्या खराब आहेत, नुसती सरसर येतीय, पैसे गेले. त्या रेकॉर्डी चांगल्या होत्या ओ! ७८ ची चर रुंद असते, तिला जाड टोकाची सुई लागते, एलपीची बारीक सुई त्या चरीच्या तळाला जाऊन धूळ खरवडत बसते. दुसऱ्या सुईवर लावल्यावर त्याच रेकॉर्डीतनं अब्दुल करीम खाँसाहेब असे बाहेर आले की तो पोरगा गप बसून ऐकत राहिला, "जमुना के तीर" परत लाव म्हणाला, परत लाव म्हणाला. आता त्याचं पहिलं मत कुणी वाचून त्या रेकॉर्डी घ्यायचं सोडलं असतं तर?

आणखी एक, स्पीड. ७८ म्हणतात म्हणून सगळ्या ७८ लाच फिरवून कोरल्यात असं काही नाही, जुन्या काळी कमी-जास्त चालायचं. ७८ ऐवजी ८० नं फिरली तर पेटीवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधलं जवळजवळ निम्मं अंतर आवाज वर चढतो, आणि बाईचा असू दे नाहीतर बुवांचा, आवाज पातळ वाटायला लागतो. आणि हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. माइल्स डेव्हिसची १९५९ ची "काइंड ऑफ ब्लू", जाझ ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, तिची पहिली बाजू वर्षानुवर्षं किंचित चढ्या सुरातच विकली जात होती, कारण रेकॉर्डिंगच्या वेळी एक टेप मशीन हळू फिरत होतं, आणि ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. १९९० च्या दशकात ते दुरुस्त केलं. म्हणजे जगभरच्या लाखो लोकांनी त्या रेकॉर्डबद्दल मतं दिली, त्यातल्या बऱ्याच जणांनी ती चढ्या सुरात ऐकली होती. म्हणून मी म्हणतो, कुठली कॉपी ऐकली ते सांगा, जुनी का नवी, भारतातली छपाई का बाहेरची. हे सांगायला एक ओळ लागते, पण त्या एका ओळीनं निम्मी भांडणं मिटतात.

आता लेबल वाचायचं बघा. गंगूबाई हनगल, आपल्या हुबळीच्या. त्यांच्या सुरुवातीच्या एचएमव्ही कंपनीच्या रेकॉर्डींवर नाव "गांधारी हुबळी" असं यायचं. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, ही कोण गांधारी, राहू दे की बाजूला. आणि ज्यानं घेतली तो ऐकून म्हणतो हा गंगूबाईंचा आवाज नव्हेच, कारण आपल्या डोक्यात त्यांचा तो नंतरचा भारदस्त, जवळजवळ पुरुषी वाटणारा आवाज बसलाय. पण तरुणपणी त्यांचा आवाज पातळ, उंच होता, पुढं घशाच्या आजारानंतर आणि उपचारानंतर तो बदलला. दोन्ही रेकॉर्डी एका संध्याकाळी लागोपाठ लावून ऐका, मी मनापासून सांगतो, अंगावर काटा येतो. आवाज पार बदललाय, पण सुराला टेकायची पद्धत तीच आहे, सूर लागला की हलायचं नाही. आता असं जर कुणी आपल्या ग्रुपवर लिहिलं, की ही जुनी घेतली, ही नंतरची माझ्याकडं होती, दोन्हींत हे सारखं आणि हे वेगळं, तर मी ते दहा वेळा वाचेन. असलं मत वाचून माणूस नुसता खूश होत नाही, तो उठून रेकॉर्ड शोधायला जातो.

आणि आपल्या भागातल्या माणसाला रेकॉर्डचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गदगचा अकरा वर्षांचा पोरगा, अब्दुल करीम खाँसाहेबांची "पिया बिन नहीं आवत चैन" ही झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकतो आणि १९३३ मध्ये गाणं शिकायला घर सोडून निघतो, पुढं त्याचे पंडित भीमसेन जोशी होतात. इथनं जवळच्या सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकाळीमठ लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून तशाच्या तशा गाऊन दाखवायचा, त्याचे कुमार गंधर्व झाले. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू, बास. तेवढ्यात बंदिश, तान, ठेहराव सगळं बसवायचं. त्या पोरांनी ती तीन मिनिटं किती वेळा ऐकली असतील! आपण आता एक अल्बम आला की एकदा ऐकतो, तेही मधेच फोन बघत, आणि लगेच मत टाकतो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. पहिल्यांदा ऐकून लिहू नका असं मी म्हणत नाही, उत्साह असतो, लिहावं, पण पहिल्यांदा ऐकलंय असं तरी लिहा. आणि महिन्याभरानं त्याच रेकॉर्डवर परत दोन ओळी लिहा, ह्या दुसऱ्या ओळी सगळ्यात कामाच्या असतात, त्या फार कुणी लिहीत नाही.

कुमारांचं नाव निघालंच तर अजून एक सांगतो. दुसऱ्याच्या गाण्याबद्दल मत कसं द्यावं ह्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण कुमारांचंच आहे, "मला उमजलेले बालगंधर्व". बालगंधर्वांची पदं त्यांनी गायली, पण नक्कल केली नाही, जो माणूस लहानपणी कुणाचीही नक्कल करू शकत होता त्यानं! मला ह्यात काय दिसलं, कुठं दिसलं, ते गाऊन दाखवलं. बालगंधर्वांचं मूळ पद लावा आणि मग कुमारांचं लावा, कुमार कुठल्या शब्दावर थांबतात, कुठली जागा सोडून देतात ते बघा, सोडलेली जागा पण मतच आहे. काही जण म्हणतात कुमारांचा दम कमी पडतो, तुकडे तुकडे करून गातात. क्षयरोगानं त्यांचं गाणं काही वर्षं बंद होतं हे खरं, फुप्फुसाला मार बसला हेही खरं, पण त्यांच्या तुकड्यांमधली शांतता ऐकली तर ती मोजून ठेवलेली आहे, तिथं दम संपलेला नसतो, लय चाललेली असते. माझं मत आहे, पटलं नाही तर वाद घाला, पण कुठल्या बंदिशीत कुठल्या आवर्तनाला तुम्हाला दम कमी वाटला ते घेऊन या, आपण बसून ऐकू.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही. आपल्यात निम्म्यांच्या घरी भीमसेनांची अभंगवाणी पण आहे आणि दासवाणी, म्हणजे कन्नड दासपदं, पण आहे, सकाळी "माझे माहेर पंढरी" आणि शुक्रवारी "भाग्यदा लक्ष्मी बारम्मा", एकच गळा. मल्लिकार्जुन मन्सूरांची ख्यालाची रेकॉर्ड घेतो तोच माणूस त्यांची वचनं, म्हणजे कन्नड शरणांची पदं, पण घेतो. आता वचन ऐकताना ज्याला कन्नड नीट येत नाही तो फक्त सूर ऐकतो, आणि म्हणतो छान आहे, पण जरा सरळसोट आहे. शेजारी बसलेला कन्नड घरातला माणूस म्हणतो, अरे शब्द बघ की, त्या शब्दावर मन्सूर अण्णांनी सूर कसा ठेवलाय बघ, वचन लिहिणारी अक्कमहादेवी काय म्हणतीय ते कळल्याशिवाय हे सरळ का ठेवलंय ते कसं कळणार. आणि उलटंही होतं, अभंगात "विठ्ठला" कुठं लांबवलाय आणि कुठं आखडलाय ते आपण त्याला सांगायचं. मी तर म्हणतो वचनांची, दासपदांची रेकॉर्ड घेतली की मत द्यायच्या आधी एक फोन करा, ज्याची भाषा आहे त्याला. निपाणी, चिकोडी, गोकाक, संकेश्वर, कुठंही असा माणूस दोन घरं सोडून सापडतो, बाकीच्यांना तो सापडत नाही.

तरुण पोरं मला विचारतात, काका, सगळ्यांकडं असलेल्या अल्बमबद्दल काय लिहायचं, म्हणजे "कॉल ऑफ द व्हॅली" सारखा. १९६७ चा, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा, काश्मीरच्या खोऱ्यातल्या धनगराचा एक दिवस, सकाळचा अहिर भैरव ते शेवटचा पहाडी. हजारो लोकांनी लिहिलंय त्यावर, संतूर लिहिलंय, बासरी लिहिलीय. पण काबरांची गिटार? तार दाबून न धरता वरनं घसरवत वाजवलेली गिटार, आणि तिच्यातनं मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, अशी निघते की गळाच. एकदा पूर्ण अल्बम फक्त गिटारीकडं कान लावून ऐका आणि त्यावर लिहा. जुन्या अल्बमवर बोलायचं काही उरलं नाही असं कधीच होत नाही.

जाता जाता एक काम सांगतो. आपल्या भागात जुन्या रेकॉर्डी अजून निघतायत, घरं पाडतात, वाटण्या होतात, भंगारवाल्याकडं जातात. तुम्हाला त्यातली एखादी मिळाली आणि तुम्ही त्याबद्दल सांगणार असाल तर नुसता लेबलचा फोटो टाकू नका. लेबलवरचा नंबर लिहा, बाजू कुठली ते लिहा, कुठल्या गावातनं आली तेवढं लिहा, घरच्यांचं नाव नको. सगळ्यात जुन्या रेकॉर्डींवर शेवटी गाणारा स्वतःचं नाव सांगतो, १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जाननं सांगितलं तसं, कारण मास्टर, म्हणजे मूळ कोरलेली तबकडी, छापायला जर्मनीला हानोव्हरला जायची आणि तिथल्या माणसाला कुणाचं काय ते कळायला पाहिजे. तर शेवटपर्यंत ऐका, गाणं संपलं म्हणून लगेच सुई उचलू नका, नाव ऐकू आलं तर तेही लिहा. आणि शेवटच्या चरीच्या आत, लेबलच्या कडेला, एक बारीक कोरलेला नंबर असतो, तो उजेडात सरळ धरून दिसत नाही, मोबाईलची टॉर्च तिरकी धरायची आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवायची, म्हणजे दिसतो. त्याच नंबरवरनं कुठलं रेकॉर्डिंग आणि कितवा टेक, म्हणजे कितव्यांदा गाऊन घेतलेलं, ते शोधता येतं. तो लिहून घ्या आणि मग गाण्याबद्दल बोला.