शिंपल्याचं तावदान

सकाळचं ऊन या खिडकीतून आत येतं ते असं, दुधी होऊन. ही काच नाही, शिंपला आहे. तळहाताएवढा आणि इतका पातळ, की मागे बोट धरलं तर त्याची सावली दिसते. कडा कापून चौकोनी केलेले शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकाखाली एक सरकवायचे. काच परवडत नव्हती तेव्हा गोव्यातली घरं अशी उजळायची. भिंतीचा गिलावासुद्धा शिंपले भाजून केलेल्या चुन्याचाच.

हा शिंपला जुवारी नदीच्या मुखाजवळ, चिखलीच्या खाडीत गाळात वाढतो. आज सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी आहे. बायका चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढताहेत. डोळ्यांचं इथे काम नाही. खडा कुठला आणि तिसरी कुठली, ते बोटांनाच कळतं. ही पडीक जागा नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

हे कवच येतं पाण्यातूनच. तिसऱ्या, कालवं, शिणाणे (शिंपल्यांतलाच एक प्रकार) आणि तिकडे ग्रांदे बेटाजवळची ही प्रवाळं, सगळ्यांचं काम एकच: समुद्रात विरघळलेलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घ्यायचं आणि थरावर थर चढवायचा. शिंपीवरच्या या रेषा बघा. जीव जसा वाढत गेला, तशा त्या उमटत गेल्या.

आपण कोळसा, डिझेल जाळून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. पाण्यात मिसळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. त्यातून सुटलेले हायड्रोजनचे आयन कार्बोनेटला जाऊन चिकटतात. गवंड्याने कालवलेला चुना मधल्यामधे कुणीतरी उचलून न्यावा, तसं. कारखानदारीच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (आम्लतेचं माप, तो घटला की आम्लता वाढते) ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या जवळ आहे. फरक दशांशाचा दिसतो, पण सामूचं माप दसपटीने चालतं. आम्लता जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली आहे. त्यात पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याशी खोलातलं पाणी वर येतं, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड आधीच जास्त असतो.

कवचं पातळ राहतात, प्रवाळ सावकाश वाढतं, आणि पहिलं कवच चढवणारी सुईच्या टोकाएवढी पिल्लं सगळ्यात आधी कोलमडतात.

भरती लागली. पाटी धुऊन झाली. बारीक तिसऱ्या वेचून एक बाई त्या परत चिखलात टाकते आहे.