डेन्मार्क हँडबॉल: पाचव्या विश्वविजेतेपदाचं गणित

(दृश्य: 2 फेब्रुवारी 2025. ऑस्लोलगतच्या स्टेडियममध्ये अंतिम सामना संपतोय.)

डेन्मार्क 32, क्रोएशिया 26. 2019, 2021, 2023 आणि आता 2025. पुरुषांच्या हँडबॉलमध्ये सलग चार विश्वविजेतेपदं याआधी कुणालाच जमली नव्हती.

याच डेन्मार्कला 2013 च्या अंतिम सामन्यात स्पेननं 35-19 असं लोळवलं होतं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकून हा संघ 2017 च्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि उपउपांत्यपूर्व फेरीतच हंगेरीकडून हरला. त्यानंतर निकोलाय याकोबसेन प्रशिक्षक झाले. पुढच्या चारही जागतिक स्पर्धांत डेन्मार्क एकही सामना हरला नाही.

(दृश्य: गिडसेलची मुसंडी, संथ गतीत.)

मथियास गिडसेल डावखुरा आहे आणि उजव्या बॅकला, म्हणजे गोलपासून जरा लांब, उजव्या बाजूला खेळतो. त्या जागेवर डावखुऱ्याला गोल मारायला मोठा कोन मिळतो. पण त्याचं खरं हत्यार म्हणजे पाय. समोर गोलपासून सहा मीटरच्या रेषेवर सहा बचावपटूंची भिंत असते. नऊ मीटरवरून फटका मारण्यापेक्षा तो दोघांच्या मधल्या फटीत घुसतो. त्याला अडवायला एक जण पुढे सरकला, की मागे पिव्होट, म्हणजे रेषेवर बचावपटूंच्या मधे उभा राहणारा आपला खेळाडू, मोकळा. शेजारचा मदतीला आला, की चेंडू विंगकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या खेळाडूकडे, किंवा डावीकडच्या सिमोन पिट्लिककडे. 2025 च्या स्पर्धेत गिडसेलनं 74 गोल केले.

दुसरा आधार गोलरक्षक. पॅरिस ऑलिंपिकनंतर निक्लास लँडिन राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. एवढ्या मोठ्या गोलरक्षकानंतर बहुतेक संघ डगमगले असते. इथे एमिल निल्सन तयार होता. त्यानं चेंडू अडवला, की विंगचे खेळाडू त्याच क्षणी पुढे धावत सुटतात आणि प्रतिस्पर्ध्याची भिंत उभी राहण्याआधी गोल होतो.

तरी हा संघ अजिंक्य नाही. 2021 मध्ये इजिप्तविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना जादा वेळेनंतरही 35-35 राहिला आणि डेन्मार्कनं पेनल्टींवर तो जेमतेम 39-38 असा जिंकला. पॅरिसच्या उपांत्य फेरीत स्लोव्हेनियावर फक्त एका गोलनं मात केली. खरी डोकेदुखी फ्रान्सची. टोकियो ऑलिंपिकचा अंतिम सामना 23-25, 2024 च्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना जादा वेळेत 31-33, दोन्ही डेन्मार्क हरला. फ्रान्सचा पिव्होट लुडोविक फॅब्रेगास रेषेवर दोन-दोन बचावपटूंना गुंतवून ठेवतो, त्यामुळे त्यांच्या बॅकना लांबून फटके मारायला वाट मिळते.

(दृश्य: जर्मनीतली खचाखच भरलेली गॅलरी.)

जानेवारी 2027 ची जागतिक स्पर्धा जर्मनीत आहे. पॅरिसच्या अंतिम सामन्यात याच जर्मनीला डेन्मार्कनं मध्यंतरालाच 21-12 असं मागे टाकलं आणि सामना 39-26 जिंकला. पण घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणारी जर्मनी वेगळी असेल. दोन-तीन आठवड्यांत आठ-नऊ सामने, प्रत्येक सामन्यात गिडसेलवर आदळणारे बचावपटू. गटातल्या सोप्या सामन्यांत त्याला किती वेळ बाकावर बसवता येतं, यावर उपांत्य फेरीतला त्याचा वेग ठरेल.