आजारी दिसणारा शिकारी मासा विकत घ्यावा का?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

मराठवाड्यातल्या शहरांमधून शोभेच्या माशांची दुकाने वाढली, तशी त्यांत गप्पी आणि गोल्डफिशच्या जोडीला ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न असे शिकारी मासेही दिसू लागले. चेन्नईचे कोळत्तूर किंवा मुंबईचे कुर्ला अशा मोठ्या बाजारांतून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, लांबचा प्रवास करून हा माल आपल्याकडे येतो. एखादा वीतभर ऑस्कर कोपऱ्यात मलूल पडलेला असतो, दुकानदार निम्म्या किमतीला द्यायला तयार असतो आणि पाहणाऱ्याच्या मनात लोभ आणि दया एकाच वेळी जाग्या होतात. तेव्हा काय ठरवावे आणि कशावरून ठरवावे, एवढाच आजचा विषय आहे. माझ्या मते हा निर्णय माशाच्या अंगावरच्या खुणांपेक्षाही आपल्या घरातल्या पाण्यावर अधिक अवलंबून असतो. मात्र खुणा वाचता आल्याशिवाय पाण्याचा हिशेब मांडता येत नाही, म्हणून सुरुवात माशापासूनच केली पाहिजे.

पहिली अडचण अशी की, शिकारी माशाचे निरोगी वागणेही अनेकदा आजारासारखे दिसते. दबा धरून शिकार करणारा मासा तासन् तास हलत नाही, आणि पोटभर खाल्लेला मोठा मासा पुढचा एखादा दिवस अन्नाकडे पाहतही नाही. आपल्या गोदावरीतली मरळ अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते, कारण कल्ल्यांच्या वर असलेल्या खास अवयवातून ती हवेतला प्राणवायू घेऊ शकते. ‘गार’ (gar) नावाच्या परदेशी शिकारी माशाचा वाताशय, म्हणजे शरीरातली हवेची पिशवीही फुप्फुसासारखे काम करते. या माशांचे वर येणे हा आजार नव्हे. ऑस्कर मात्र पृष्ठभागाशी तोंड लावून राहिला, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा त्याचे कल्ले खराब झाले आहेत, असे समजावे. याच ऑस्करची दुसरी खोड अशी की, टाकी बदलली किंवा पाणी बदलले की तो रंग काळवंडून तळाशी चक्क आडवा होतो आणि काही वेळाने उठून फिरू लागतो. त्यामुळे माल ज्या दिवशी उतरला त्याच दिवशी मासा पाहून मत बनवू नये.

खरी तपासणी वरून करावी. टाकीच्या काचेतून मासा बाजूने दिसतो आणि बाजूने खंगलेला मासाही बरा वाटतो. झाकण उघडायला सांगून वरून पाहिले की, डोक्यामागे पाठीचे मांस भरलेले आहे की ती सुरीच्या धारेसारखी निघाली आहे, हे लगेच कळते. डोके मोठे, पाठ पातळ आणि पोट आत गेलेले असेल, तर ती उपासमार कालपरवाची नसते. मासा बराच काळ एकतर खात नाही, किंवा खाल्लेले त्याच्या अंगी लागत नाही. त्यानंतर विष्ठेकडे पाहावे. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा आतड्याच्या त्रासाची शंका निर्माण करते, आणि गुदद्वारातून लाल, केसासारखे बारीक टोक बाहेर आलेले दिसले तर तो बहुधा कॅमालॅनस नावाचा कृमी असतो, आणि तो एका माशापुरता थांबत नाही. श्वासाची गती मोजत बसण्यापेक्षा त्याच टाकीतल्या दुसऱ्या ऑस्करशी ती ताडून पाहावी. दोघांच्याही कल्ल्यांची झाकणे भरभर हलत असतील, तर दोष पाण्याचा आहे आणि मासा कदाचित धडधाकट आहे.

यातले काय सुधारते आणि काय नाही? फाटलेले पर स्वच्छ पाण्यात भरून येतात. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी लवकर ओळखला तर आटोक्यात येतो. पण तो कातडीखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, विभागतो आणि त्याची शेकडो पिल्ले पाण्यात पोहू लागतात, तेव्हाच औषध लागू पडते. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचे नसतात. डोक्यावर खड्डे पडण्याचा ऑस्करचा रोग निकृष्ट पाणी, अपुरे पोषण आणि एकपेशीय परजीवी यांच्याशी जोडला जातो; खड्डे उथळ असतील तर तो थांबतो, पण व्रण बहुधा राहतात. पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर आतले अवयव निकामी होत आलेले असतात आणि तो मासा वाचवण्याच्या भरीस न पडणेच बरे. अरोवानाचा खाली झुकलेला डोळा त्याच्या जिवाला धोका नसतो, मात्र तो सहसा सरळही होत नाही. त्यासाठी किंमत पाडून मागावी, दया दाखवू नये.

या सगळ्याहून निर्णायक परीक्षा खाण्याची आहे. आतड्यातल्या परजीवींवरची मेट्रोनिडॅझोलसारखी औषधे अन्नातून दिली तरच नीट पोहोचतात, त्यामुळे खाणारा मासा कितीही खराब दिसला तरी त्याच्यावर इलाज करता येतो आणि न खाणारा मासा देखणा असला तरी हात बांधलेले राहतात. दुकानदार बहुधा जिवंत गप्पी किंवा छोटा गोल्डफिश टाकून दाखवतो. त्यावर समाधान मानू नये, कारण घरी आपण दाणेच घालणार असतो. शिवाय गोल्डफिशच्या शरीरात ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते आणि असे जिवंत खाद्य रोगही बरोबर आणते. सर्वांत शहाणपणाचा मार्ग आपल्या बाजाराला चांगला ठाऊक आहे: विसार द्यावा, आठवडाभर मासा दुकानातच राहू द्यावा आणि मधे जाऊन त्याला दाणे खाताना आपल्या डोळ्यांनी पाहावे. विसार घ्यायलाच जो दुकानदार तयार होत नाही, त्याला तो मासा आठवडाभर टिकण्याची खात्री नसते.

आता पाण्याकडे येऊ. आजारी माशाला महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावे लागते. शंभर लिटरची टाकी आणि रोज तीस लिटरचा बदल धरला, तर महिन्याला नऊशे लिटर पाणी लागते. पाणी आहे तिथे ही गोष्ट किरकोळ आहे. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि ज्या शहरांत नळ काही दिवसांआड येतो, तिथे घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय हा खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाणी बदलण्यात कसूर केली तर मासा आजाराने मरण्याआधी, त्याच्याच उत्सर्गातून पाण्यात साठणाऱ्या अमोनियाने मरतो. अमोनियाचा विखार सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे हे सांगणाऱ्या पीएचवर ठरतो: 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो, सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. आपल्या बोअरचे पाणी काळ्या कातळातून येणारे, जड आणि बहुधा अल्कधर्मी असते, म्हणून दुसरीकडे चालून जाणारी हयगय इथे चालत नाही. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा हे जिवाणू आधीच वसलेला, जुन्या, चालत्या फिल्टरमधला स्पंज हाताशी नसेल, तर मासा घेऊच नये. एक सोय मात्र आपल्या टंचाईनेच केली आहे: ड्रममध्ये उघडे साठवलेले नळाचे पाणी एखाद्या दिवसात क्लोरीनमुक्त होते.

उन्हाळ्याचे गणित आणखी कठीण आहे. पाणी 20 अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसातच. कल्ले खराब झालेल्या माशाला हा फरक जिवावर बेततो, आणि त्यातच दुपारी वीज गेली की एअर पंप बंद पडतो. मे महिन्यात, इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा पंप नसताना, दमलेला मासा मी कोणालाही घेऊ देणार नाही.

काही जातींच्या बाबतीत आजाराचा प्रश्नच गैरलागू आहे. ॲलिगेटर गार दोन मीटरच्या पुढे वाढू शकतो, लाल शेपटीचा कॅटफिश मीटरभर होतो. ते ठणठणीत असले तरी घेऊ नयेत. टाकीत मावेनासे झालेले मासे लोक तलावात सोडतात, आणि 2023 मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडल्याची बातमी आपण वाचली आहे. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, मच्छीमारांचे पोट आहे आणि आपल्या पिण्याचे पाणीही आहे. तिथे बरा झालेला मासाही सोडायचा नाही, आजारी तर नाहीच.

राहता राहिली दया. विकत घेतलेल्या प्रत्येक मरतुकड्या माशामागे दुकानदाराला एवढेच कळते की असा माल खपतो, आणि पुढच्या खेपेला तो तसाच आणखी मागवतो. मासा घ्यायचा नाही असे ठरवल्यावरही दुकानदाराशी दोन शब्द बोलता येतात: तो मासा वेगळा ठेवा, त्याच्या टाकीतली जाळी दुसऱ्या टाकीत बुडवू नका, आणि बुडवायचीच असेल तर मिठाच्या कडक पाण्यात धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मगच बुडवा.