जंगल कसं आहे ते ओढ्याला विचारा

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला एका ओढ्याची गोष्ट सांगणार आहे, आणि तो ओढा आपल्याकडचा नाहीये बरं का, अमेरिकेतला आहे. तिकडे ईशान्येला न्यू हॅम्पशायर म्हणून छोटं राज्य आहे, त्यातल्या व्हाइट माउंटन्समध्ये हबर्ड ब्रूक नावाचं जंगल आहे, साधारण 3100 हेक्टरचं. झाडं म्हणाल तर मेपल, बीच, पिवळा बर्च, वरच्या अंगाला सूचिपर्णी स्प्रूस. तुम्ही म्हणाल इतक्या लांबचा ओढा कशाला, आपल्याकडे काय ओढे कमी आहेत. नाहीतच कमी, पण जंगल आणि पाणी यांचा हिशोब इतकी वर्षं न थांबता ठेवलेली ठिकाणं जगात फार थोडी आहेत, आणि त्यातलं हे माझं सगळ्यात लाडकं.

1955 साली तिथल्या वनखात्याने हे जंगल संशोधनासाठी राखून ठेवलं. त्यांना पाणी किती वाहतं एवढंच बघायचं होतं. मग जवळच्या डार्टमाउथ कॉलेजात हर्बर्ट बोरमन नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी 1960 मध्ये वनखात्याच्या रॉबर्ट पिअर्स यांना पत्र लिहिलं की तुम्ही पाणी मोजताय ते ठीकच आहे, पण पाण्यात काय काय विरघळलंय तेही मोजूया की. पिअर्स हो म्हणाले. जीन लायकन्स आणि नॉय जॉन्सन हे सोबतीला आले, एक पाण्याचा अभ्यासक आणि एक भूगर्भवाला, आणि 1963 पासून काम सुरू झालं. ते आजही चालू आहे.

युक्ती अशी होती. तिथला खालचा खडक इतका घट्ट आहे की पाणी खोल झिरपून कुठे गायब होत नाही. म्हणजे एका छोट्या पाणलोटात वरून जेवढं पडलं, त्यातलं झाडांनी आणि हवेने घेतलं ते सोडून बाकीचं सगळं खाली एकाच ओढ्यातून बाहेर येणार. ओढ्यावर व्ही आकाराच्या खाचेचा बंधारा बांधायचा, खाचेत पाणी किती उंच चढलंय ते बघायचं, त्यावरून प्रवाह कळतो. शिवाय दर आठवड्याला बाटली भरून पाणी प्रयोगशाळेत. वरून काय आलं ते मोजा, खालून काय गेलं ते मोजा, मधल्या जंगलात काय घडलं ते कळतं. डॉक्टर कसे रक्त-लघवी तपासून आतलं सांगतात, तसंच हे. परत एकदा सांगतो, वरून काय आलं आणि खालून काय गेलं. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं सगळं ह्यातून निघतं.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती दोन नंबरच्या पाणलोटाची. तिथे पाणलोटांना नावं नाहीत, नंबर आहेत. दोन नंबरचा पाणलोट साधारण साडेपंधरा हेक्टरचा. 1965 च्या हिवाळ्यात ह्या लोकांनी त्याच्यातलं प्रत्येक झाड कापलं. प्रत्येक. आणि कापलेलं झाड तिथेच पडू दिलं. एकही ओंडका ओढून नेला नाही, रस्ता केला नाही, मशीन घातलं नाही, म्हणजे माती अजिबात उकरली गेली नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण जंगलतोड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लगेच धुपलेली लाल माती येते, आणि त्यांना नेमकं तेच बाजूला ठेवायचं होतं. प्रश्न एकच होता, माती जागच्या जागी आहे, पालापाचोळा आहे, नुसती जिवंत झाडं नाहीत, तर काय होतं?

आणि पुढे तीन उन्हाळे त्यांनी तिथे तणनाशक मारलं, म्हणजे काही परत उगवूच नये. त्यातलं एक 2,4,5-टी होतं, व्हिएतनामच्या जंगलांवर जे मिश्रण फवारलं गेलं त्यातला एक घटक. आज असं कुणी करू म्हटलं तर मी स्वतः विरोध करीन, स्पष्ट सांगतो. पण त्यातून जे कळलं ते टाकून देण्यासारखं नाही.

तर पहिली गोष्ट, पाणी वाढलं. पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी अंदाजापेक्षा जवळपास 40 टक्क्यांनी जास्त. हे तसं समजण्यासारखं आहे, पाणी पिणारी झाडंच नाहीत तर ते खाली येणारच, आणि सगळ्यात जास्त फरक उन्हाळ्याच्या महिन्यांत, जेव्हा एरवी झाडं भरपूर पाणी उचलतात. इथवर ऐकून काही लोक खूश होतात, म्हणतात बघा झाडं तोडली की पाणी वाढतं, धरणं भरतील. थांबा जरा.

कारण बाटल्यांमध्ये दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं. पहिले काही महिने शांत. मग 1966 च्या उन्हाळ्याच्या तोंडाला नायट्रेट वाढायला लागलं, आणि वाढतच गेलं. शेतकरी मंडळींना नायट्रेट म्हणजे काय हे मी सांगायला नको, युरिया टाकल्यावर पिकाला शेवटी मिळतं ते तेच. जंगल हे नायट्रेट एरवी इतकं जपून ठेवतं की शेजारच्या न तोडलेल्या पाणलोटाच्या ओढ्यात ते नावापुरतं सापडायचं. आणि इथे? चाळीस पट, मग पन्नास पटीच्या वर. पिण्याच्या पाण्याला नायट्रेटची जी मर्यादा आहे ना, ती ह्या डोंगरातल्या ओढ्याने ओलांडली. वर ना शेत, ना गोठा, ना गाव, ना कारखाना. नुसतं कापलेलं जंगल पडलेलं, आणि खाली ओढा पिण्यालायक नाही.

ओढ्यात शेवाळ माजलं, हिरवंगार, लांब तंतूंचं. पूर्वी तिथे सावली असायची आणि पाण्यात खायला काही नसायचं, आता ऊन थेट दगडांवर, पाणी कोमट झालेलं आणि वर फुकटचं खत. न तोडलेल्या ओढ्यात तळाचा गोटा न् गोटा स्वच्छ दिसायचा आणि ह्याच्यात दगड दिसायची मारामार.

आणि नुसतं नायट्रेट नाही, त्याच्या मागोमाग कॅल्शियम गेलं, पोटॅशियम गेलं. का गेलं हे थोडक्यात सांगतो. मातीतले जिवाणू कुजणाऱ्या पाल्यातून नायट्रेट बनवतच राहतात, ते काय झाडं तोडली म्हणून काम थांबवत नाहीत. एरवी मुळं ते लगेच उचलतात. मुळं मेली, उचलणारं कुणी नाही, आणि नायट्रेट बनताना आम्ल तयार होतं, ते मातीच्या कणांना धरून बसलेलं कॅल्शियम सोडवतं आणि सगळी वरात ओढ्याकडे. बस, एवढंच. माती मात्र पहिली दोन वर्षं जवळपास जागेवरच होती, नंतर जुनी मुळं कुजली तसा गाळ वाढला. म्हणजे डोळ्यांना सगळं ठीक दिसत असताना डोंगर आतून रिकामा होत होता, आणि ते दिसलं फक्त बाटलीत.

आता ह्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. 1968 नंतर फवारणी बंद केली. आणि त्या उजाड जमिनीतून जे उगवलं त्यात एक झाड भराभर वर आलं, पिन चेरी. जंगली चेरी, लाकडाला किंमत नाही, फळ एवढंसं आणि आंबट, लाकूडतोडे त्याला तणच समजायचे. ह्या झाडाचं बी जमिनीत कित्येक दशकं नुसतं पडून राहतं, वर मोठी झाडं आहेत तोपर्यंत उगवतच नाही. जंगल मोडलं, ऊन आलं, माती तापली की उठतं. आणि जंगल तुटल्यावर हे झाड काय करतं ते त्याच संशोधकांनी मोजलं. भराभर वाढतं, दाट होतं, आणि जे नायट्रेट, जे कॅल्शियम वाहून चाललंय ते स्वतःच्या पानाखोडात भरून घेतं. थोड्याच वर्षांत ओढ्यातलं नायट्रेट खाली आलं. मग सावली वाढली, मेपल आणि बीच वर आले, आणि पिन चेरीला ऊन कमी पडून ती मरते, पुढच्या खेपेसाठी बी जमिनीत टाकून. ज्याला लोक कचरा म्हणत होते त्याने डोंगराचं खत वाचवलं. मी ही गोष्ट कितीही वेळा सांगू शकतो.

म्हणून मला आपल्याकडे रस्त्याकडेची, माळावरची आपोआप आलेली झुडपं ‘साफसफाई’ म्हणून जेसीबीने काढतात ना, तेव्हा फार वाईट वाटतं. करवंद, घाणेरी, जे काय असेल ते, निदान बघा तरी आधी की तिथे ते काय करतंय. आणि विषय निघालाच आहे तर शहरांतल्या झाडांच्या बुंध्याला अगदी घट्ट काँक्रीट का घालतात? एक दोन फूट माती उघडी ठेवायला काय जातं? पाणी मुरणार कुठून? वर्तमानपत्रात वृक्षारोपणाचे फोटो आणि त्याच रस्त्यावर जुन्या वडाच्या गळ्याशी पेव्हर ब्लॉक. असो. ओढ्याकडे येऊ.

वरून काय आलं तेही मोजत होते म्हटलं ना. 1963 मध्ये सुरुवातीलाच पावसाचं पाणी तपासलं तर ते अपेक्षेपेक्षा सुमारे शंभर पट आम्लयुक्त निघालं. इतक्या आडवाटेच्या जंगलात! लायकन्स पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेले, तिकडे न्यूयॉर्क राज्यातला पाऊसही तसाच निघाला, तेव्हा खात्री पटली की ही एका डोंगराची भानगड नाही. लांबवरच्या कोळशाच्या वीजकेंद्रांच्या उंच धुराड्यांतला गंधक वाऱ्याने इथे येत होता. 1974 मध्ये बोरमन आणि लायकन्स यांनी ते ठणकावून मांडलं, आणि अमेरिकेच्या हवा-प्रदूषणाच्या कायद्यात खरी कडक दुरुस्ती झाली 1990 साली. पहिल्या बाटलीपासून 27 वर्षं. त्या 27 वर्षांत वीजकंपन्यांची माणसं येऊन सांगत होती की पाऊस पहिल्यापासूनच असा असेल कशावरून. त्यांना उत्तर द्यायला एकच गोष्ट हाताशी होती, दर आठवड्याची नोंद. एका वर्षाच्या आकड्यांवरून काही सांगता येत नाही, एक वर्ष ओलं, एक कोरडं. दहा-वीस वर्षांच्या नोंदी असतील तर कल दिसतो.

कायदा झाला, पावसातलं आम्ल कमी झालं. पण जंगल काही लगेच सुधारेना, 1980 च्या दशकानंतर झाडांची एकूण वाढ जवळजवळ थांबली. संशय कॅल्शियमवर, कारण आम्लाच्या पावसाने मातीतलं कॅल्शियम कित्येक वर्षं धुऊन नेलं होतं. मग ऑक्टोबर 1999 मध्ये एक नंबरच्या पाणलोटावर, साधारण 12 हेक्टर, हेलिकॉप्टरने कॅल्शियमच्या खनिजाच्या गोळ्या टाकल्या, जेवढं गेलं होतं साधारण तेवढं परत. मेपल सुधारले, स्प्रूसला 2003 च्या थंडीचा फटका कमी बसला. आणि गंमत म्हणजे त्या जंगलाने पुढची तीन वर्षं पाणीही जास्त उचललं, पहिल्या वर्षी तर एक चतुर्थांश जास्त. मातीतलं एक खनिज आणि ओढ्यातलं पाणी, असा थेट संबंध.

हवामान तापतंय त्याचंही तिथे दिसतं आणि ते जरा उलटं दिसतं. हिवाळे उबदार झाले की बर्फाचा थर पातळ होतो, आणि थर पातळ झाला की थंडी थेट जमिनीत शिरते, माती गोठते, बारीक मुळं मरतात. हे तपासायला लोकांनी भर थंडीत फावडी घेऊन जमिनीच्या तुकड्यांवरचा बर्फ पडेल तसा बाजूला केला. आणि खाली काय आलं? परत तेच, नायट्रेट. म्हणजे मुळांना काही झालं की ओढ्याला कळतं, मग कारण कुऱ्हाड असो की बदललेला हिवाळा.

आता आपल्या सह्याद्रीचं. तिथला पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो, साधारण 1400 मिलिमीटर, आपला चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे त्यांचे आकडे उचलून इथे चिकटवता येत नाहीत, इथलं इथेच मोजावं लागतं. ते काही जणांनी केलंय. कारवारच्या पलीकडे उत्तर कन्नडमध्ये जगदीश कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाट नैसर्गिक जंगल, विरळ झालेलं जंगल आणि पडीक जागेवर लावलेलं अकेशिया नावाचं परदेशी झाड असे तिन्हींचे ओढे मोजले. नैसर्गिक जंगलातून पावसाबरोबर धावत सुटणारं पाणी कमी, मुरणारं जास्त, आणि पावसाळा संपल्यावर ओढा जास्त दिवस वाहता. अकेशिया लांबून हिरवाच दिसतो, पण मातीची मुरवण्याची ताकद काही वर्षांत परत येत नाही. कोकणातल्या माणसाला विचारा, जानेवारीत वहाळाला पाणी आहे की नाही ह्यावर त्याची वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती ठरते.

पण असं मोजणारे फार थोडे आणि तीन-चार वर्षांचा प्रकल्प संपला की बहुतेक ठिकाणी बंधाऱ्यावरचं यंत्र गंजत पडतं. विद्यापीठांनी ह्याला कायमचा पैसा ठेवायला हवा, प्रकल्पापुरता नाही, कायमचा.

आणि तुमच्याकडे एक विनंती. खेड्यापाड्यांतल्या शाळांत, सहकारी संस्थांत, मळ्यांवर जुन्या पावसाच्या वह्या असतात, कुणी मास्तरांनी, कुणाच्या आजोबांनी रोज सकाळी पर्जन्यमापक बघून लिहिलेल्या. झऱ्याला पाणी कधी आटलं, विहिरीत किती पुरुष पाणी होतं, अशाही नोंदी सापडतात. त्या रद्दीत घालू नका. पानांचे मोबाईलवर नीट फोटो काढा, गाव आणि साल लिहा, आणि जवळच्या कॉलेजच्या भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राच्या विभागात जाऊन दाखवा. ज्यांच्याकडे अजून पर्जन्यमापक आहे त्यांनी ह्या जूनपासून परत सुरू करा, सकाळी साडेआठला, रोज, पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. पुढच्या खेपेला विहिरींबद्दल बोलू. नमस्कार.