हजेरीपटातले चार दिवस

(जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज राहू देऊन थोडं संपादन केलं आहे.)

केंद्रप्रमुख साहेबांनी मला ‘साथीचे आजार आणि शाळा’ हा विषय दिला तेव्हा मी म्हटलं, मी काही डॉक्टर नाही. ते म्हणाले, गुरुजी, तुमची चूक सांगा, तेवढं पुरे. तर गोवराच्या साथीतली माझी चूकच सांगतो.

खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं गाव, पहिली ते सातवी, पट 86. आवारातच अंगणवाडी. जानेवारीची 16 तारीख आणि आमची 26 जानेवारीच्या गॅदरिंगची धांदल. तिसरीतला एक पोरगा दोन दिवस दिसला नाही. कापूस वेचायला मेळघाटातून आलेल्या घरचा. एका शेतातल्या कोठ्यावर राहत होते ते. शेजारची म्हातारी फाटकापाशी येऊन सांगून गेली, “गुरुजी, त्या पोट्ट्याच्या अंगावर माता आली हाय. पाच दिवस येत नाही तो.” मी ‘बरं’ म्हटलं आणि नाचाच्या तालमीकडे वळलो.

आता ‘माता आली’ म्हणजे काय, हे इथं कोणाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे गावोगावी मातामायचं देऊळ आहे. ही माता मुळात देवीच्या रोगाची. भारतातला देवीचा शेवटचा रोगी 1975 साली सापडला आणि 1980 मध्ये जगातूनच तो रोग गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, पण दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, सुई नको, हे सगळं गोवर-कांजण्यांच्या वाट्याला आलं. मी त्याची थट्टा करणार नाही. आजारी लेकराला घरात ठेवायचं, बाहेरच्यानं आत यायचं नाही, हे त्या रिवाजात आहेच की! माझी तक्रार एकच. त्यात दवाखान्याला जागा नाही, आणि दार बंद होतं तोवर फार उशीर झालेला असतो.

तो उशीर नीट समजून घ्या, कारण माझी सगळी चूक तिथंच आहे. गोवराचा रोगी पुरळ उठल्यावर चार दिवस दुसऱ्याला रोग देतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पुरळ उठायच्या आधीचे चार दिवसही तो देतच असतो. त्या दिवसांत दिसतं काय? ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. जानेवारीत आपल्या वर्गात असं कोणाला नसतं? खोकल्यातून उडालेला विषाणू बंद खोलीत दोन तासांपर्यंत टिकतो. ज्यांना लस नाही आणि आधी गोवर झालेला नाही, अशी दहा लेकरं रोग्याजवळ असली तर त्यातल्या नऊंना तो गाठतो. म्हणजे म्हातारी फाटकापाशी आली तेव्हा जे व्हायचं ते वर्गात होऊन गेलं होतं.

आणि मग काय झालं? काहीच नाही! हीच गोवराची लबाडी आहे. संसर्ग झाल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप येतो, पुरळ यायला दोन आठवडे लागतात. मधले दिवस शांत. मी मनात म्हणालो, टळलं. 26 तारखेला गॅदरिंग झोकात झालं. अख्खं गाव मांडवात, बाया कडेवर तान्ही लेकरं घेऊन पुढे बसलेल्या. दोन-तीन पोरांचे डोळे लालभडक होते. मी म्हटलं, पावडर-काजळ डोळ्यांत गेलं असेल. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कानामागं, मग चेहऱ्यावर, मग अंगभर पुरळ. आठवडाभरात पाच लेकरं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मांडवातलं एक आठ महिन्यांचं बाळ न्यूमोनिया होऊन तालुक्याच्या दवाखान्यात. वाचलं ते. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याला एक महिना कमी होता. त्या महिन्यात त्याला जपणं आमचं काम होतं, आणि आम्ही त्याच्यासमोर नाच ठेवला.

पुढचं याहून वाईट. पारावर ठरलं की हे सगळं मेळघाटातल्या मजुरांनी आणलं. त्या बापाला किराणा दुकानात उभं करेनात. दोघं-तिघं माझ्याकडे आले, म्हणाले, त्या पोट्ट्याचं नाव काढा. नाव काढता येत नाही, शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा आहे, हे मी सांगितलं. पण कायद्यानं तोंडं बंद होत नाहीत. तेव्हा सिस्टर उपकेंद्रातून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, गुरुजी, हजेरीपट काढा. आम्ही दोघांनी बोटावर दिवस मोजले. पोराला पुरळ 16 जानेवारीला. संसर्ग त्याआधी फार तर तीन आठवडे, म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या मागं जात नाही. आणि ते कुटुंब दिवाळीपासून गावात! पोराची हजेरी सलग लागलेली. म्हणजे त्यानं रोग आणला नव्हता, त्याला तो इथंच मिळाला होता. मग पान उलटलं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एका बऱ्या घरची दोन भावंडं गैरहजर, पुढे माझ्याच अक्षरात शेरा, ‘आजारी’. मामाकडून शहरातून आली होती म्हणे. त्यांच्यापासूनच आला असं मी सांगणार नाही, छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. पण पारावर बसून मी तारखा मोजून दाखवल्या, तेव्हा आवाज खाली आले.

म्हणून मी सांगत असतो, ‘आजारी’ एवढं लिहू नका. ताप, पुरळ, डोळे, काय ते लिहा. दोन शब्द जास्त लागतात.

आता तुमच्या शाळेत असं झालं तर? त्याच दिवशी आशाताईंना किंवा सिस्टरला फोन. गोवर आहे की आणखी काही, हे तुम्ही ठरवायचं नाही. रक्ताचा नमुना घ्यायचा की नाही ते आरोग्य खातं बघेल. पुरळ उठलेला दिवस शून्य धरून मागचे चार दिवस काढा. त्या दिवसांत वर्गात, खिचडीच्या पंगतीत, ऑटोत कोण सोबत होतं याची यादी सिस्टरच्या हातात द्या. संपर्कानंतर तीन दिवसांच्या आत लस मिळाली तर रोग टळू शकतो. वर्गमित्रांसाठी ती मुदत बहुधा उलटलेली असते, तरी राहिलेल्यांना लस देतातच, पुढची लाट अडवायला. जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस आजारी लेकराला सलग दोन दिवस देतात. गोवरानं डोळे जातात ते यानं वाचतात. डोस मात्र सिस्टरच्याच हातून.

पालकांना त्याच संध्याकाळी कळवा. ‘तिसरीच्या वर्गात गोवराचा संशयित रुग्ण आहे. तीन आठवडे लेकरावर लक्ष ठेवा, ताप आला तर शाळेत पाठवू नका, लसीचं कार्ड उद्या आणा, घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर सिस्टरला सांगा.’ बस. लेकराचं नाव नाही. नाव गावाला कळतंच, पण ते शाळेच्या तोंडून कळू नये. घबराट होईल म्हणून मी दहा दिवस गप्प बसलो आणि त्या गप्पपणात पारावरची कहाणी तयार झाली.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस ठेवता ना तुम्ही? त्या महिन्यात ठेवू नका. तापातलं लेकरू वहीच्या लोभानं येतं. मुलींच्या उपस्थिती भत्त्याचा रोजचा एक रुपयाही बुडेल म्हणून आई पाठवायची, हे मी पाहिलं आहे.

शाळा बंद करायची का, असं मागून कोणी विचारलं. ते आपल्या हातात नाही, आरोग्य खातं सांगेल तसं. माझा अनुभव असा की शाळा बंद झाली की तीच पोट्टी एका अंगणात गोट्या खेळतात, वर त्यांच्यावर नजर ठेवायला कोणी नसतं. खिडक्या उघडा, वर्ग कडुनिंबाखाली न्या.

मॅडम विचारतात, कार्ड हरवलं असेल तर? आशाताईंच्या नोंदवहीत बघा. तिथंही नसेल तर लस झालीच नाही असं धरा आणि सिस्टरला सांगा. आधी झालेली असली तरी पुन्हा दिल्यानं नुकसान नाही. आणि तुमच्या शाळेवर कोणी गरोदर शिक्षिका असतील तर त्यांना मात्र ही लस देत नाहीत. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं. त्यांची रजा मंजूर करताना कृपा करून माझ्यासारखं तालमीचं वेळापत्रक पाहू नका.